गच्ची दुसऱ्याची, फिरकी आमची

आमच्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा माणूस आधी जिन्यापाशी थबकतो. दांडिया बाजारातला जुना वाडा, उभा लाकडी जिना आणि धरायला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर. वरच्या खोलीत पूर्वी सासऱ्यांचे टायपिंगचे क्लास चालायचे. मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्ही. २००९ च्या दिवाळीनंतर त्याच लांब टेबलांवर मी आणि माझ्या धाकट्या दिरांनी दोन कॉम्प्युटर मांडले आणि मोबाइल गेम बनवायला बसलो. भाऊजी नुकतेच कलाभवनातून इंजिनियर होऊन बाहेर पडले होते. (युनिव्हर्सिटीच्या कागदांवर नाव मोठं लांबलचक आहे, पण सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या त्या संस्थेला बडोद्यात अजून सगळे कलाभवनच म्हणतात.) मी एका खासगी क्लासात सी-शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवत होते. भांडवल म्हणजे माझी शिल्लक आणि ह्यांचा रिफायनरीतला पगार.

सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "गेम म्हणजे पोरांचा खेळच ना गं? त्याचे पैसे कोण देतं?"

"देतात, आई."

"कोण?"

याचं धड उत्तर मला पुढची कित्येक वर्षं देता आलं नाही.

सुरुवात नोकियाच्या बटणवाल्या फोनसाठी जावा गेमनी केली. एका फोनचा पडदा १२८ बाय १६०, दुसऱ्याचा २४० बाय ३२०, तिसऱ्याचा आडवा. एकच गेम दहा वेळा कापून शिवायचा. काम देणारी एक पार्टी परगावची होती, तिने शेवटच्या दोन गेमचे पैसे आजतागायत दिलेले नाहीत. त्या काळाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

पुढे विंडोज फोन आला. त्याचे गेम सी-शार्पमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या साधनावर लिहायचे, म्हणजे माझं घरचंच मैदान. तिथे केलेला एक छोटा गेम बघून इंग्लंडमधल्या दोघाजणांच्या स्टुडिओने आम्हाला पत्र पाठवलं. त्यांचा गेम होता, वेळ नव्हता. दुसऱ्या मंचावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या यंत्रांवर, नेऊन द्याल का? मंच होता प्लेस्टेशन मोबाइल.

आज हे नाव कोणाला आठवत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. सोनीने जानेवारी २०११ मध्ये पुढच्या हातातल्या कन्सोलची (खास गेम खेळायच्या यंत्राची), म्हणजे जे पुढे व्हिटा म्हणून बाजारात आलं त्याची, पहिली घोषणा केली. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट जाहीर झाली: प्लेस्टेशन सूट. कल्पना अशी की एकदा लिहिलेला गेम व्हिटावरही चालावा आणि सोनीने पसंत केलेल्या अँड्रॉइड फोनवरही. जून २०१२ मध्ये त्याचं नाव बदलून प्लेस्टेशन मोबाइल झालं, फोन बनवणारी एचटीसीसुद्धा त्यात आली, आणि ३ ऑक्टोबर २०१२ ला दुकान उघडलं.

एरवी कन्सोलसाठी गेम करणं म्हणजे राजवाड्यात प्रवेश मागण्यासारखं. करार, खास यंत्रं, ओळखी. इथे मात्र साधनांचा संच फुकट उतरवून घेता येत होता. विंडोजचा साधा पीसी पुरे. भाषा सी-शार्प, खाली तो कोड चालवणारी मोनो नावाची यंत्रणा, कोड लिहायला मोनोडेव्हलप या प्रोग्रॅमवर बेतलेला संपादक, सोबत द्विमितीय गेमसाठी तयार इंजिन, म्हणजे गेमचा आयता सांगाडा, आणि हातात यंत्र नसेल तर पीसीवरच चालवून बघायला सिम्युलेटर. प्रकाशनाचं लायसन्स वर्षाला ९९ डॉलर, आणि मे २०१३ मध्ये तीही फी माफ झाली. लायसन्स इंग्लंडच्या मंडळींचं होतं, आमच्याकडे फक्त कोड. भाऊजी म्हणाले, "वहिनी, प्लेस्टेशनसाठी काम करतोय म्हणून सांगायचं का पाटीवर?" मी म्हटलं, पाटी राहू दे, आधी वीजबिल.

पहिला गेम पोचवायला चार महिने लागले. त्यातला निम्मा वेळ एका अडखळण्यात गेला. गेम सिम्युलेटरवर लोण्यासारखा चाले, पण हातातल्या यंत्रावर दर काही सेकंदांनी क्षणभर थिजायचा. सेकंदाला साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात, आणि सी-शार्पमध्ये वापरून टाकलेल्या वस्तूंचा कचरा उचलायला यंत्रणा मधेच काम थांबवते. आम्ही दर चित्राला नव्या गोळ्या, नव्या ठिणग्या, नवे आकडे निर्माण करत होतो. म्हणजे प्रत्येक पंगतीला नवी पत्रावळ, आणि ढीग साठला की उचलायला येणारा माणूस पंगतच थांबवणार. उपाय जुन्या लग्नघरातला: पत्रावळी बंद, भांडी भाड्याने आणायची. सुरुवातीलाच दोनशे गोळ्या करून ठेवल्या, लागली की रचलेल्यातून घ्यायची, काम झालं की विसळून परत. अडखळणं गेलं. आजही नवीन मुलगा कामाला आला की मी त्याला आधी हा पत्रावळींचा धडा देते.

दुसरी डोकेदुखी पडद्यांची. व्हिटाचा पडदा ९६० बाय ५४४, एक्सपिरिया प्ले या फोनचा ८५४ बाय ४८०, एचटीसी वन एक्सचा १२८० बाय ७२०. व्हिटाला खरी बटणं, बहुतेक फोनना नाहीत, म्हणजे पडद्यावर बटणं काढायची आणि ती बोटाखाली झाकली जाणार. नोकियाच्या काळातलं कापून शिवणं इथे कामाला आलं. कुठलाही छळ फुकट जात नाही असं भाऊजी म्हणतात. मला ते मान्य नाही. त्या परगावच्या पार्टीचे पैसे फुकटच गेले.

मग आमचा स्वतःचा गेम. विषय शोधावा लागला नाही. बडोद्यात राहणाऱ्या मराठी घरात १४ जानेवारीला सकाळी तिळगूळ आणि दिवसभर गच्ची असते. संक्रांत म्हणा, उतरायण म्हणा, दुसऱ्या दिवशी वासी उतरायण. मला पतंग उडवता येत नाही, मी जन्मभर फिरकी, म्हणजे मांज्याची रीळ, धरणारी. पण फिरकी धरणाऱ्याला पेच जास्त चांगला दिसतो. भाऊजींच्या मनात पतंग कापण्याचा साधा हिशेब होता: ज्याने जोरात खेचलं तो जिंकला. करून बघितलं तर दोन मिनिटांत कंटाळा. गच्चीवर तसं होतच नाही.

म्हणून डिसेंबरमध्ये आम्ही गेंडीगेटला गेलो. त्या दिवसांत तिथे रस्त्याकडेला खांबांना दोऱ्या ताणून गुलाबी, जांभळा मांजा रंगवण्याचं काम चालू असतं. हातात काचपूड घातलेली लुगदी घेऊन एक म्हातारबाबा दोरीच्या कडेने मागे-पुढे चालत होते. भाऊजींनी थेट विचारलं, काका, पेच कोण जिंकतो? ते न थांबता म्हणाले, "दोरी चालती रेवी जोईए." दोरी चालती राहिली पाहिजे, बस. मग पुढच्या फेरीत जरा उलगडून सांगितलं. दोन दोऱ्या एकमेकींवर घासतात. ज्याची दोरी थांबलेली, त्याची एकच जागा घासली जाते. ज्याची दोरी सरकतेय, मग ढील देऊन असो की खेचून, त्याचं घासणं लांबभर वाटलं जातं. थांबला तो कापला.

घरी परत येईपर्यंत रिक्षात भाऊजींनी वहीच भरवली. दोरी म्हणजे एक रेघ नाही, लहान-लहान तुकड्यांची साखळी. प्रत्येक तुकड्याला स्वतःची झीज. पेच पडला की जो तुकडा त्या क्षणी घासतोय त्याच्याच खात्यात झीज जमा करायची. हद्द ओलांडली की तिथेच दोरी तुटणार. एवढा एक बदल केला आणि गेम जिवंत झाला. आता हवा पडली की ढील देता येईना, ढील नाही तर दोरी थांबली, मग घाबरून खेचायचं, खेचताना पतंग खाली येणार आणि शेजारच्या पत्र्यावर टेकणार. अगदी आमची गच्ची. चित्रं फाइन आर्ट्सच्या एका मुलीने काढली: मांडवीचा घड्याळवाला चौक, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले पापड. एका टाकीवर तिने न विचारता माझ्या सासूबाई काढल्या, हातात उंधियूचं पातेलं घेऊन. त्या गेममध्ये अजून आहेत.

गेम इंग्लंडच्या मंडळींच्या लायसन्सवर, विक्रीत वाटा ठरवून, दुकानात लागला. पहिल्या महिन्याची विक्री दोन्ही हातापायांच्या बोटांवर मोजता आली असती. दुकानात चांगले गेम नव्हते असं नाही. स्वीडनमधला रिम्डकॅप्सल मे २०१३ मध्ये सर्वांत आधी तिथेच आला आणि तो इतका नेटका होता की आम्ही दोघं आठवडाभर आपलं काम सोडून तोच खेळत होतो. पण माणसं कमी. व्हिटा घेणाऱ्याला मोठे गेम हवे होते, फोनवाल्याला गूगलचं दुकान हाताशी होतं. ठरावीक फोनच चालणार म्हटल्यावर आपला फोन त्यात आहे का हे शोधायचे कष्ट कोण घेतो? हे आम्हाला आधी दिसायला हवं होतं. प्लेस्टेशन या शब्दाला आम्ही भुललो. पाटी नको म्हणणारी मी, मीसुद्धा.

एक गोष्ट मात्र भाऊजींनी हट्टाने केली होती. त्यांनी गेम त्या मंचाच्या इंजिनावर लिहिला नाही, मोनोगेमवर लिहिला. एक्सएनएसारखंच लिहायचं आणि अनेक मंचांवर न्यायचं असं ते खुलं साधन, आणि त्यात प्लेस्टेशन मोबाइलचीही सोय आली होती. मी तेव्हा भांडले होते, कारण तयार इंजिनात काम लवकर झालं असतं. ते म्हणाले, "वहिनी, आपलं विंचवाचं बिऱ्हाड. पाठीवर मावेल तेवढंच घ्यायचं."

ऑगस्ट २०१४ मध्ये कळलं की अँड्रॉइड ४.४.३ आणि पुढच्या आवृत्त्यांवर प्लेस्टेशन मोबाइल चालणार नाही. त्या दिवशी आम्ही समजलो. मार्च २०१५ मध्ये बंद होण्याची घोषणा आली. १५ जुलैला विक्री थांबली, आणि आधी घेतलेला गेम पुन्हा उतरवून घ्यायची शेवटची तारीख १० सप्टेंबर. उघडल्यापासून तीन वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तारखा आधी सांगितल्या, तेव्हा तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्याच्या गच्चीवर पतंग उडवताना मालक खाली चला म्हणाला तर फिरकी गुंडाळून उतरायचं.

फिरकी गुंडाळली. पतंगाचा गेम सहा आठवड्यांत साध्या अँड्रॉइडवर आला, कारण पाठीवरचं बिऱ्हाड खरंच हलकं होतं. तिथेही तो दर जानेवारीत पंधरा दिवस चालतो आणि मग झोपतो. त्यावर घर चालणं शक्य नव्हतं. इंग्लंडच्या त्या दोघांनी स्टुडिओ बंद केला. जाताना शेवटचं बिल न मागता चुकतं केलं, हे लिहून ठेवायलाच हवं.

पुढची दोन वर्षं कठीण गेली. मी संध्याकाळचे क्लास पुन्हा सुरू केले. मग ह्यांच्या ओळखीतून नंदेसरीच्या एका रसायनाच्या कारखान्याने विचारलं, आग लागली तर कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा हे कामगारांना पडद्यावर शिकवता येईल का? सासूबाईंना मिळालेलं पहिलं धड उत्तर ते. "कारखानेवाले देतात पैसे, आई." त्या म्हणाल्या, "मग खेळ का म्हणता त्याला?"

आता आम्ही सातजण आहोत. व्हॉल्व्ह, शिडी, गॅसगळती, फोर्कलिफ्ट असे बरेच प्रशिक्षणाचे प्रोग्रॅम झाले. व्हिटा माझ्या खणात आहे. बॅटरी केव्हाच गेलीय, पण देऊन टाकवत नाही.

गेल्या वर्षी क्रेन चालवणाऱ्यांसाठी काम आलं. वायररोप पुन्हा पुन्हा त्याच जागी पुलीवरून गेला तर तेवढाच भाग झिजतो, बाहेरून बाकी दोर नवा दिसतो आणि माणूस फसतो. हे दाखवायचं होतं. भाऊजी काही न बोलता जुन्या हार्डडिस्कमध्ये शिरले. तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उभा होता, दोराच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची झीज.

नवा मुलगा, वाघोडिया रोडचा, कोड वाचत होता. त्याने हाक मारली, "मॅडम, क्रेनच्या प्रोग्रॅममध्ये ही मांजा नावाची फाइल कशाला आहे? काढून टाकू?"

भाऊजी पलीकडच्या टेबलावरून ओरडले, "हात लावू नकोस! डिसेंबरमध्ये गेंडीगेटला नेतो तुला, मग विचार."