गेंदाचं बी आणि १४ तासांचं टाइमटेबल

मी कॉलेजात शिकवते आणि माझं संशोधन कोकणातल्या सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारांवरच्या, गेंदांवर आहे. गेंद म्हणजे एरिओकॉलॉन, पावसात कातळावर पाणी साचतं तिथे पांढऱ्या गुंड्यांसारखी फुलं डोलत असतात ना, ती. बऱ्याच जाती वरवर सारख्याच दिसतात, नक्की ओळख पटवायची तर फुलाचे आतले भाग आणि पिकलेलं बी मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, आणि बी असतं जेमतेम अर्ध्या मिलीमीटरचं. ते पिकतं पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात. पुढे कातळ तापला की सगळं वाळून जातं. मे महिन्यात आम्हाला सुट्टी मिळते तेव्हा सड्यावर तापलेल्या जांभ्याशिवाय काही नसतं.

गेल्या पावसाळ्यात माझा एक रिसर्च पेपर जर्नलकडून रिव्हिजनला, म्हणजे दुरुस्तीसाठी, परत आला होता. रिव्ह्यूअरचं म्हणणं एकच, पिकलेल्या बियांचे फोटो द्या. मी ड्यूटी लीव्ह मंजूर करून घेतली, लेक्चर्स आमच्या सीएचबीवरच्या, म्हणजे तासांच्या बोलीवर नेमलेल्या, मॅडम घेणार होत्या, सगळं ठरलेलं. आदल्या रात्री त्यांचा फोन आला, "ताई, मला उद्या दुसऱ्या कॉलेजला बोलावलंय, नाही म्हटलं तर ते तास जातील हो." त्यांना तासावर पैसे मिळतात, दोन कॉलेजं केल्याशिवाय घर चालत नाही, त्यांना काय बोलणार. सकाळी एस.वाय.ची प्रॅक्टिकल बॅच होती आणि पुढच्याच आठवड्यात त्यांची परीक्षा. मी सड्यावर गेले नाही.

कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड होती. ॲसिटोकार्माइन या रंगाचा थेंब, स्पिरिट लॅम्पवर जरा ऊब, फिल्टर पेपर ठेवून अंगठ्याने दाबायचं. एका मुलीच्या सगळ्या स्लाइड चिरडत होत्या, रडकुंडीला आली होती. शेजारी बसून अंगठा सरळ खाली कसा दाबायचा, न सरकवता, ते दाखवलं. मग ती एकदम ओरडली, "मॅडम, दोन्हीकडे ओढले जातायत बघा ना!" ॲनाफेज होता, पेशी विभागताना गुणसूत्रं दोन टोकांकडे जातात तो टप्पा, अगदी स्वच्छ. आख्खी बॅच त्या मायक्रोस्कोपभोवती. ती सकाळ वाया गेली असं मी कधीच म्हणणार नाही.

पण रविवारी सड्यावर पोचले तेव्हा मला हव्या असलेल्या जातीची डोकी झडून गेली होती, आणि पेपर वर्षभर लांबला. आम्हा असोसिएट प्रोफेसर लोकांना प्रोफेसर व्हायला यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे किमान १० पेपर लागतात, त्यातले ३ असेसमेंटच्या काळातले. आणि शिकवायचे आठवड्याला १४ तास, असिस्टंटना १६. दोन्ही मान्य, कष्टाला माझी ना नाही. पण तास आठवड्याच्या हिशोबाने मोजतात आणि गेंद फुलतो पावसाच्या हिशोबाने, याचं काय करायचं? फील्डवर काम करणाऱ्या प्रत्येकाची हीच अडचण, बेडूकवाले असोत की शेवाळवाले.

माझं मागणं साधं आहे. लोड, म्हणजे शिकवायचे तास, वर्षाचा धरा. पहिल्या टर्मला मला १० तास द्या, दुसऱ्या टर्मला १८ घेते, एकही तास बुडणार नाही. आणि पहिल्या टर्मचे उरलेले तास सीएचबीवाल्यांना नीट ऑर्डर काढून द्या, त्यांनाही आदल्या रात्री धावपळ नको. अर्ज केला तर उत्तर आलं, टाइमटेबलमध्ये बसत नाही. यंदा जूनच्या आधीच, झूऑलॉजीच्या दोघांच्या सह्या घेऊन, परत दिलाय.