चिठ्ठी नको, पोरगंच पाठव

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं. शाळेवर बाकीचे लिहितीलच, मी फक्त गणिताच्या सरांवर लिहितो.

१७ सप्टेंबर तोंडावर आला होता, मुक्तिसंग्राम दिनाच्या लेझमीची तालीम. सरांनी शिपाई मामांकडे चिठ्ठी दिली, 'जाधवला किल्ली द्यावी'. वर्गात जाधव एकच, पण कार्यालयानं जनरल रजिस्टर उघडलं आणि किल्ली गेली दहावीच्या जाधवकडे. सर म्हणाले, "वर्गातलं नाव वर्गाच्या उंबऱ्यापर्यंतच. बाहेर चिठ्ठी नको, पोरगंच पाठव."

कॉमन लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येणाऱ्या पोरांना मी आज हेच सांगतो. 'फ्लेट'नं तेवढ्या कंसापुरतं बांधलेलं फंक्शन म्हणजे वर्गातला जाधव:

(फ्लेट ((वाढव (क्ष) (+ क्ष १०)))
  (मॅपकार #'वाढव '(१ २ ३)))

'मॅपकार' यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवतं. उत्तर (११ १२ १३). हॅश आणि अवतरण मिळून खुद्द फंक्शनच हाती देतात, भोवतालच्या चलांसकट. हॅश गाळलात तर उरतं नुसतं चिन्ह, म्हणजे चिठ्ठी. चिन्ह मिळालं की 'मॅपकार' असो की फंक्शनला हाक मारणारं 'फनकॉल', बघतात ते जागतिक व्याख्याच. फ्लेट त्यांना दिसतच नाही. त्या नावाचं बाहेर काही नसेल तर 'फंक्शन सापडत नाही' म्हणून अडतं, ते बरंच. पण दुसऱ्या फाइलीत एक मिळवणारं 'वाढव' असेल तर गुपचूप (२ ३ ४) येतं, आणि चूक शोधण्यात दिवस जातो. दोन्ही खुणा गाळून नुसतं 'वाढव' लिहिलं, तर लिस्प त्या नावाचं चल शोधतं. चलांची वही वेगळी, फंक्शनांची वेगळी. लिस्पच्याच घराण्यातल्या स्कीममध्ये वही एकच, तिथे हे चालून जातं.

आणखी एक खोच. फ्लेटमधल्या फंक्शनला स्वतःच्या व्याख्येत स्वतःचं नाव दिसत नाही. स्वतःलाच बोलवायचं असेल तर 'लेबल्स' घ्या.

चिठ्ठी अगदीच टाकाऊ नाही, सर रागावले तरी चालेल. जागतिक फंक्शन एखाद्या तक्त्यात #' लावून ठेवलं आणि मग व्याख्या बदलली, तर तक्त्यात जुनंच राहतं. चिन्ह ठेवलं तर दर वेळी ताजी व्याख्या सापडते. चालू प्रोग्राम न थांबवता दुरुस्ती करायची तर तेच सोयीचं.

लेझमीच्या खोलीत आता संगणक कक्ष झालाय म्हणे. जुनी किल्ली लागली तर आधी दहावीच्या जाधवला विचारा.