एकाच सिनेमाच्या तीन सीडी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो. प्रश्न नेहमीचाच आहे: एखाद्या सिनेमाच्या पार्श्वसंगीताची सीडी घरात असताना त्याचीच वाढीव आवृत्ती, मग पुन्हा रीमास्टर केलेली (म्हणजे टेपवरून आवाज नव्याने उतरवून सुधारलेली) वाढीव आवृत्ती, हे सगळं परदेशातून मागवायचं कशासाठी? फोनवर तर सगळं ऐकायला मिळतं. विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं: जमवायचा नाद आहे, चालायचंच. नाद आहे हे मान्य. पण विषय तेवढ्यावर संपत नाही.

आधी ‘फोनवर सगळं मिळतं’ याबद्दल. तिथे बहुतेकदा जुना अल्बमच असतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातले हॉलिवूडचे कितीतरी अल्बम जेमतेम अर्ध्या तासाचे आहेत आणि सिनेमात संगीत त्याच्या दुप्पट वाजतं. सीडीवर तर जवळपास ८० मिनिटं मावतात. मग उरलेलं गेलं कुठे? अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स या वादकांच्या संघटनेचा करार असा होता, की सिनेमासाठी वाजवलेलं संगीत अल्बमवर आलं तर वादकांना पुन्हा मोबदला द्यायचा. लॉस एंजेलिसमध्ये ऐंशी-नव्वद जणांचा ऑर्केस्ट्रा वाजवला असेल, तर अल्बमचं प्रत्येक वाढीव मिनिट महागात पडायचं, आणि पार्श्वसंगीताचा खप तो केवढा! म्हणून अर्ध्या तासावर कात्री. पुढे जुन्या संगीताच्या मर्यादित प्रतींसाठी संघटनेने सवलतीचे दर मान्य केले, तेव्हा कुठे इंट्राडा, ला-ला लँड, फिल्म स्कोअर मंथली यांसारख्या छोट्या कंपन्यांना हे काम परवडू लागलं. या कराराच्या नावाने बोटं मोडणारे संग्राहक पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. आपल्याकडे शिफ्टचे पैसे हातावर पडले की वादकाचा त्या संगीताशी संबंध संपायचा. तिथल्या वादकांनी हक्क राखला हे चांगलंच झालं.

पण मिनिटं किती वाढली हा माझ्या लेखी दुय्यम प्रश्न आहे. खरं काय ते ‘एलियन’वरून सांगतो, आणि ते जरा लांबेल.

१९७९ चा सिनेमा, अंतराळजहाजात शिरलेल्या परक्या हिंस्र प्राण्याचा. संगीत जेरी गोल्डस्मिथ यांचं, वाजवलं नॅशनल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राने, संचालन लायोनेल न्यूमन यांचं, ध्वनिमुद्रण इंग्लंडमध्ये. वाद्यमेळात सर्पंट हे जुनं, नागमोडी आकाराचं फुंकवाद्य होतं, डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांब फुंकवाद्य होतं, शंख होता, आणि आवाज पुन्हापुन्हा घुमवणारं एकोप्लेक्स नावाचं टेपयंत्र. गोल्डस्मिथनी सुरुवातीच्या नामावलीसाठी आधी जे लिहिलं ते ट्रंपेटवरचं, एकाकी आणि रोमँटिक होतं. कल्पना अशी की अंतराळाची ओढ आधी वाटू द्यावी आणि भीती मागाहून हळूहळू यावी. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांना ते नको होतं. गोल्डस्मिथनी दुसरं लिहून दिलं: धून जवळजवळ नाहीच, नुसते विचित्र, अधांतरी आवाज. पहिल्याला एक दिवस लागला आणि दुसरं पाच मिनिटांत झालं, असं ते नंतर सांगत.

इथवर नेहमीचं आहे. दिग्दर्शकाला नको असेल तर संगीतकाराने बदलून द्यायचं, हा धंद्याचा रिवाज. पुढचं जास्त दुखणारं आहे. सिनेमा कापताना, खरं संगीत तयार होण्याआधी, संकलक टेरी रॉलिंग्ज यांनी कामचलाऊ म्हणून गोल्डस्मिथचंच १९६२ च्या ‘फ्रॉइड’चं संगीत लावून ठेवलं होतं. याला टेम्प ट्रॅक म्हणतात. नवं संगीत आल्यावर ते काढून टाकायचं असतं. इथे त्यातलं काही राहिलंच. प्राण्याचं रक्त आम्लासारखं जहाजाचे मजले जाळत खाली जातं तो प्रसंग, आणि कॅप्टन डॅलस हवेच्या बोगद्यांतून रांगत जातो तो प्रसंग, इथे सतरा वर्षं जुनं, मनोविश्लेषणावरच्या सिनेमाचं संगीत वाजतं. या जागांसाठी लिहिलेलं, ऑर्केस्ट्राने वाजवलेलं संगीत बाजूला पडलं. शेवटी नायिका वाचते, जहाज दूर जातं, नामावली सुरू होते, तिथे गोल्डस्मिथ नाहीतच. तिथे हॉवर्ड हॅन्सन यांची १९३० ची दुसरी सिम्फनी आहे. बाकीचे कितीतरी तुकडेही जागा बदलून लावलेले. गोल्डस्मिथनी याबद्दलची नाराजी कधी लपवली नाही.

त्या वर्षीच्या एलपीत ट्रंपेटचं मूळ शीर्षकसंगीत होतं, पण एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच नीट बसतात, त्यामुळे बाकीचं पुष्कळ बाहेर राहिलं. १९९९ च्या डीव्हीडीवर संगीताचा वेगळा ट्रॅक आला आणि त्यावरून चोरट्या सीडी फिरू लागल्या. मग २००७ मध्ये इंट्राडाने दोन सीडींचा संच काढला: पहिलीवर गोल्डस्मिथनी लिहिलं त्या क्रमाने पूर्ण संगीत आणि पाठोपाठ त्यांना पुन्हा लिहावे लागलेले तुकडे, दुसरीवर जुना अल्बम जसाच्या तसा. पहिली सीडी सलग ऐकली की कळतं, या माणसाने त्या सिनेमाचा वेगळा अर्थ लावला होता. हे सिनेमा शंभर वेळा पाहून कळणार नाही, कारण सिनेमात ते नाहीच.

आणि हे एकट्या ‘एलियन’चं नाही. १९८६ च्या ‘एलियन्स’ला जेम्स हॉर्नर यांचं संगीत, त्यात गोल्डस्मिथच्या ‘एलियन’मधले तुकडे घुसवलेले. १९८८ च्या ‘डाय हार्ड’ला मायकेल केमेन यांचं संगीत; त्याच्या शेवटी, मेला असं वाटलेला माणूस बंदूक घेऊन बाहेर येतो तेव्हा, हॉर्नरनी ‘एलियन्स’साठी लिहिलेला तुकडा वाजतो. त्याआधी नायक आणि पोलीस हवालदार पहिल्यांदा समोरासमोर येतात तिथे जॉन स्कॉट यांचं ‘मॅन ऑन फायर’ या दुसऱ्याच सिनेमाचं संगीत आहे. श्रेयनामावली वाचून केमेनना दाद देणारा प्रेक्षक त्या क्षणी भलत्याच संगीतकाराला दाद देत असतो. कोणी काय लिहिलं हे वेगळं काढून दाखवणारी वस्तू म्हणजे हे वाढीव अल्बम. ‘जमवायचा नाद’ म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं असतं, आणि ते दोन मिनिटांत सांगून होत नाही.

आता ‘तिसऱ्यांदा का?’ याचं उत्तर टेपमध्ये आहे. १९७८ च्या ‘सुपरमॅन’चं जॉन विल्यम्स यांचं संगीत २००० मध्ये दोन सीडींवर आलं, २००८ मध्ये पुढच्या भागांसकट मोठ्या संचात आलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तीन सीडींवर. तिसरी आवृत्ती निघाली कारण हरवलेल्या मानलेल्या मूळ टेप सापडल्या. टेपची टेपवर नक्कल केली की प्रत्येक पिढीगणिक खरखर वाढते आणि झांजांची, व्हायोलिनची वरची धार जाते. चौथ्या पिढीच्या नकलेवरून कितीही निगुतीने मास्टर केलं तरी ती धार परत आणता येत नाही.

मूळ टेप मिळाली म्हणजे लगेच लावता येते असंही नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढे बनलेल्या बऱ्याच टेपमध्ये चुंबकीय कण धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप हवेतला दमटपणा शोषतो आणि चिकट होतो. ती तशीच मशीनवर चढवली तर कर्कश चिरकते, टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर तपकिरी गाळ साठतो, आणि त्या गाळातच संगीत खरवडून निघालेलं असतं. उपाय म्हणजे टेप शेकणे: सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या स्थिर, कोरड्या उष्णतेत, पाव इंची टेप आठेक तास, दोन इंची त्याहून बरीच जास्त, मग तितकाच वेळ थंड होऊ द्यायची. त्यानंतर काही आठवडे ती वाजते. तेवढ्यात उतरवून घ्यायची. स्वयंपाकघरातला ओव्हन चालत नाही, त्याचं तापमान हेलकावे खातं. आणि जुनी ॲसिटेट पाठीची टेप शेकायचीच नाही, ती वाकडी होते. ३५ मिलिमीटरच्या ॲसिटेट चुंबकीय फिल्मचा रोग वेगळा: तिला व्हिनेगरचा वास येऊ लागतो, ती आकसते आणि कडेची भोकं मशीनच्या दात्यांत बसेनाशी होतात.

पुढे हेडचा कोन टेपच्या सुरुवातीच्या चाचणीस्वरांवर जुळवायचा, नाहीतर वरचे स्वर झाकोळतात. मुद्रण डॉल्बी ए ही खरखर कमी करणारी यंत्रणा लावून केलेलं असेल तर उतरवतानाही तेच लावायचं. ते विसरलं की आवाज भडक आणि खरखरीत येतो. मग ध्वनिमुद्रणाच्या नोंदवहीशी ताळा. खोक्यावर ४एम२ लिहिलेलं असतं, म्हणजे चौथ्या रिळातला दुसरा संगीताचा तुकडा. पण सिनेमात गेलेला हा तुकडा तिसऱ्या टेकचा (टेक म्हणजे त्याच तुकड्याचं एकेक वादन) पूर्वार्ध आणि सहाव्या टेकचा उत्तरार्ध जोडून केलेला असू शकतो, सिंथेसायझर वेगळ्या टेपवर असू शकतो, आणि कुठे काय जोडलं याची नोंद नसतेच. अल्बमचा निर्माता कानाने, सिनेमा शेजारी लावून, ते जोड शोधतो. या कामाला महिने जातात आणि प्रती निघतात दोन-तीन हजार. किमतीबद्दल तक्रार करणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

एवढं बोलून झाल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पूर्वीचा मी ठासून म्हणायचो की पूर्ण तेच खरं, आणि अल्बम म्हणजे तडजोड. आज तसं म्हणवत नाही. ‘ई.टी.’चा १९८२ चा अल्बम विल्यम्सनी ऐकण्यासाठी नव्याने बांधून, नव्याने वाजवून घेतला होता. शेवटच्या प्रसंगात स्पीलबर्गनी त्यांना पडद्याकडे न पाहता मोकळेपणी संचालन करायला सांगितलं आणि नंतर चित्र त्या संगीताप्रमाणे कापलं; म्हणून सिनेमातलं ते प्रत्यक्ष वादन ऐकायची ओढ मला आहे. पण निवांत बसून ऐकायला हात कशाकडे जातो? जुन्या अल्बमकडे. पूर्ण संगीतात वीस-पंचवीस सेकंदांचे तुकडे असतात, संवादाखाली धरून ठेवलेले लांबलचक स्वर असतात, तीच धून सातव्यांदा येते. संगीतकाराने स्वतः निवडलेली चाळीस मिनिटं आणि त्याने मागे ठेवलेली चाळीस मिनिटं, यांना एकाच मापाने तोलायचं का? जे त्याने नापसंत केलं ते आपण ऐकावं का? पूर्वीचा मी म्हणतो, ऐकावं, नाहीतर ‘एलियन’चं काय झालं असतं? आजचा मी म्हणतो, ‘एलियन’मध्ये नापसंती दिग्दर्शकाची होती, संगीतकाराची नव्हे. हा वाद माझ्यापुरता मिटलेला नाही.

‘आपल्या संगीतासाठी असं काही का करत नाही?’ हा प्रश्नही त्यालाच जोडून येतो, आणि याने मला खरंच त्रास होतो. करायला हवंच. पण आपल्याकडे रेकॉर्ड कंपन्यांनी गाणी घेतली, तीही ७८ आरपीएमच्या तबकडीत बसतील एवढी, तीन-सव्वातीन मिनिटांची. पडद्यावरचा जादा अंतरा पडद्यावरच राहिला. ‘शोले’चे संवाद तबकडीवर आले आणि घरोघर पाठ झाले, पार्श्वसंगीताचं तसं भाग्य नव्हतं. ‘कानून’ आणि ‘इत्तेफाक’ या बी. आर. चोप्रांच्या संस्थेच्या दोन बिनगाण्यांच्या सिनेमांना सलील चौधरींचं संगीत आहे. ते ऐकायचं तर संवादांच्या आणि पावलांच्या आवाजाखालून ऐकावं लागतं. संगीताची वेगळी टेप जपलेली नसेल तर जगातली कुठलीही कंपनी काही करू शकत नाही. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट या चटकन पेटणाऱ्या जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली तेव्हा सिनेमेच गेले, तिथे पार्श्वसंगीताची चिंता कोण करणार?

घ्यायचीच असेल एखादी, तर काही गोष्टी बघून घ्या. मागच्या बाजूला तुकड्यांची यादी आणि वेळा वाचा. जुन्या अल्बमला दोन-चार ‘बोनस’ चिकटवले असतील तर ती वाढीव आवृत्ती नव्हे. सीडीची खालची बाजू निळसर-हिरवट दिसली आणि आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक नसला, तर ती घरी संगणकावर बर्न केलेली नक्कल आहे. युरोपातल्या पॅल (तिकडच्या टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवरून उतरवलेलं संगीत चार टक्के जास्त वेगाने आणि सुमारे दोन-तृतीयांश अर्धस्वर वर वाजतं. अल्बमशी पट्टी जुळवून पाहिली की लगेच सापडतं. पहिली व्हायोलिनं सहसा डावीकडे आणि चेलो-बास उजवीकडे असतात. उलटं ऐकू आलं तर वाहिन्यांची अदलाबदल झाली आहे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या पीडीओ या सीडी कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या सुमारास दाबलेल्या सीडी कडेपासून तांबूस पडत जातात आणि मग वाजत नाहीत, तशी सीडी जुन्यातून घेऊ नका. आणि जुन्या जाड डब्यांत दोन सीडींच्या मधे स्पंजची चकती असते, ती आल्या दिवशीच काढून टाका. आपल्या पावसाळ्यात ती विरघळून सीडीच्या छापील बाजूला चिकटते, आणि सोडवताना खालचा चंदेरी थर सोबत निघून येतो.