मोरोक्कोत भेटलेली नहर

एरफूद सोडून बस पश्चिमेला वळली आणि खिडकीबाहेर मातीचे ढीग दिसायला लागले. एकामागे एक, सरळ रांगेत, वारुळं असावीत तसे. प्रत्येक ढिगाच्या मधोमध खड्डा. बसमधले बरेच जण आदल्या रात्रीच्या जागरणाने पेंगत होते. मी मात्र ह्यांना हलवून उठवलं, "अहो, बघा, ही तर आपली नहर!"

मी छत्रपती संभाजीनगरची. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आमचं हेच शहर, वसवली, तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरातलं भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. तिच्या वाटेवरची विहिरीसारखी तोंडं बघत आमचं लहानपण गेलं. सहाराच्या तोंडावर तीच रांग समोर आली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पण आधी तिथवर कसे पोचलो ते सांगते. पुण्याच्या ग्रुपबरोबर दहा दिवसांची सहल होती. कासाब्लांकात दुसऱ्या हसनची मशीद पाहिली. 1993 साली पूर्ण झालेली, मिनार 200 मीटरच्या वर आणि थेट अटलांटिकच्या कडेला. भव्य आहे. पण माझा जीव जडला तो फेसवर.

फेसचं जुनं शहर म्हणजे गल्ल्यांचं जाळं. हजारो गल्ल्या, काही इतक्या चिंचोळ्या की समोरून माणूस आला तर अंग चोरून भिंतीला टेकायचं. आत गाडी येतच नाही. सगळा माल खेचरांच्या आणि गाढवांच्या पाठीवर. मागून "बालाक! बालाक!" अशी आरोळी आली की बाजूला व्हायचं, हे पाच मिनिटांत अंगवळणी पडतं. भाषा कळत नव्हती, तरी गाइडच्या बोलण्यात 'दलाल', 'हिशाब', 'संदूक' असे ओळखीचे शब्द मध्येच कानावर पडत. अरबीतून हे शब्द आपल्याकडे आले ते कायमचे.

चामडं कमावण्याचे हौद वरच्या गच्चीतून बघतात. दारातच हातात पुदिन्याची काडी देतात, ती नाकाशी धरायची. चुना आणि कबुतरांची विष्ठा घातलेल्या पांढऱ्या हौदांत कातडी आधी मऊ करतात, मग रंगाच्या हौदांत. माणसं मांड्यांपर्यंत त्या पाण्यात उभी राहून पायांनी कातडी तुडवत होती. त्यांच्याकडे बघताना पुदिन्याची काडी नाकाशी धरायची मला लाज वाटली. मी ती खाली केली.

करवियीन मशिदीत बिगरमुस्लिमांना जाता येत नाही. दारातूनच अंगण आणि कारंजं दिसलं. फातिमा अल-फिहरी या बाईंनी 859 साली ही मशीद उभारली असं परंपरा मानते. जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांत तिची गणना होते. नेज्जारीन चौकात रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी मढवलेला पाण्याचा सार्वजनिक नळ आहे. तिथे एक शाळकरी पोर दप्तर पाठीला तसंच ठेवून ओंजळीने पाणी प्यायली आणि तोंड पुसत पळाली. अशा नळांना तिकडे सक्काया म्हणतात. जुन्या काळी फेस नदीचं पाणी पाट काढून मशिदी, हमाम, पिठाच्या चक्क्या आणि चामड्याच्या हौदांपर्यंत फिरवलं होतं, असं गाइडने सांगितलं. तेव्हापासून मी सगळीकडे पाणीच बघत सुटले.

पुढचा दिवस बसचा. इफ्रानची उतरत्या छपरांची घरं, अझ्रूजवळच्या देवदारांत शेपटी नसलेली माकडं, मग मधल्या अ‍ॅटलासचं उजाड पठार. झीझ नदीच्या खोऱ्यापाशी बस थांबली आणि सगळे एकदम गप्प झाले. दोन्ही बाजूंना भाजलेल्या विटेसारखे डोंगर आणि तळाशी खजुरांचा हिरवा पट्टा, नदी वळेल तसा वळत गेलेला. जिथवर पाणी पोचतं तिथवर हिरवं, त्यापुढे एक पाऊलही नाही.

मेर्झूगाच्या वाळूबद्दल खूप जणांनी लिहिलंय. एर्ग शेब्बीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत उंच जातात, संध्याकाळी त्यांचा रंग मिनिटामिनिटाला बदलतो आणि रात्री थंडी हाडात शिरते, एवढंच सांगते. माझ्या लक्षात राहिलं ते जवळचं खामलिया गाव. तिथे ग्नावा लोक राहतात. त्यांच्या पूर्वजांना सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम म्हणून आणलं होतं. हातात लोखंडाच्या मोठ्या चिपळ्या, पुढे ढोल. पंधरा मिनिटांत ठेका असा चढला की आमच्यातले वारीला जाणारे एक काका उठून पावली खेळायला लागले. मलाही भरून आलं. आमचा मलिक अंबरसुद्धा इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा होता.

तर, दुसऱ्या दिवशी ते मातीचे ढीग. तिकडे त्यांना खेत्तारा म्हणतात. गाइडने बस थांबवली. रस्त्याकडेला एक तंबू, थोडे पैसे देऊन पायऱ्यांनी खाली उतरायचं. वर ऊन रणरणत होतं आणि दहा-बारा पायऱ्या उतरताच माठाला हात लावल्यासारखा गारवा. वाकून चालावं लागत होतं. भिंतींवर कुदळीचे घाव अजून स्पष्ट होते. मी एका घावावर बोट ठेवलं. बोट बरोबर त्यात बसलं.

तत्त्व अगदी साधं. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे भूजल उंचावर असतं, तिथे मूळ विहीर खणायची. तिथून शेतापर्यंत जमिनीच्या उतारापेक्षा कमी उताराचा बोगदा काढायचा. पाणी आपल्या ओढीनेच उघड्यावर येतं, मोट नको, बैल नको. ठरावीक अंतरावरच्या उभ्या विहिरी हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी. खणताना वर आलेली माती तोंडाभोवती टाकायची. तेच ते ढीग. "कात्रजहून शनिवारवाड्याला पाणी आणलं त्या नळाला अशीच तोंडं आहेत, उच्छ्वास म्हणतात त्यांना," पुण्याच्या एक बाई म्हणाल्या. कुठलं कात्रज आणि कुठलं एरफूद!

पाण्याची वाटणी तासांवर. ज्या घराने खणायला आणि गाळ काढायला जेवढे हात दिले, तेवढी त्याची पाळी. आपल्याकडची पाणपाळीच. गाइडचे मामा तरुणपणी दोराने खाली उतरून गाळ काढायचे.

बोगदा मात्र कोरडा होता. 1965 च्या मोठ्या पुरानंतर झीझवर धरण बांधलं, ते 1971 साली पूर्ण झालं. मग डिझेलचे पंप आले, पाण्याची पातळी खाली गेली, वर वर्षानुवर्षांचे दुष्काळ. पाणी आटलं तशी गाळ काढणारी पोरं शहरांकडे गेली. काही खेत्तारा अजून वाहतात, ही नाही. गाइडने हे सगळं सांगितलं आणि मग बराच वेळ तो वरच्या तोंडातून येणाऱ्या उजेडाकडे बघत राहिला.

पुढे तोद्राची घळ, आयत बेनहद्दूचं मातीचं गाव, 2,260 मीटरवरची तिश्काची खिंड, सगळं सुंदर. पण माझं मन मागेच राहिलं होतं. माराकेशच्या जामा अल-फना चौकात लाल कपड्यातले, पितळी पेले लटकवलेले पाणीवाले दिसले, खांद्याला बकऱ्याच्या कातड्याची पखाल. आता ते फोटोचेच पैसे घेतात. मी पैसे दिले, फोटो काढला नाही. आणि याच शहराच्या खजुरांच्या बागाही एकेकाळी खेत्तारांच्या पाण्यावर वाढल्या, हे गाइडने जाता जाता सांगितलं.

घरी आल्यावर पहिल्या रविवारी नहरीवर गेले. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि ही चारशे वर्षांची नहर काही भागांत अजून वाहते. एका तोंडाशी वाकून मोबाइल धरला. आत काळोख, पण पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता. तेवढाच आवाज गाइडला पाठवला.

तासाभरात उत्तर आलं. आधी तीन वेळा 'अमान', म्हणजे त्याच्या अमाझिग भाषेत पाणी. मग प्रश्न: "तुमच्याकडे गाळ कोण काढतं?"

त्याला अजून उत्तर पाठवलेलं नाही. आधी शोधून काढते.