आज परत रामा शेट्टी दिसला
दुपारी आईसोबत टीव्हीवर ‘अर्धसत्य’ लागला होता, बसलो बघत. त्यातले रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर आले की अजूनही पोटात गोळा येतो राव, आणि सीन किती? मोजकेच! आई लगेच, "अरे हा आपल्या नगरचा!" नाटकं करत करत पुढे आलेला माणूस, १९८३च्या या पिक्चरने फिल्मफेअर मिळवून दिलं, मग १९९१ला ‘सडक’मधली महाराणी, ती तर लहानपणी बघून मी झोपलोच नव्हतो (आई अजून हसते यावर) आणि हाच माणूस दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’मध्ये महात्मा फुले! नंतर हिंदीवाल्यांनी कॉमेडी व्हिलनच जास्त करायला लावले, ते मला कधीच पटलं नाही. २०१४ला गेले. आता यूट्यूबवर तो फुल्यांचा एपिसोड शोधतोय, चहा गार झाला.