वेलिंग्टनचा कोट: मेलेला लाल एकदाचा उठला

स्पॅनिश चित्रकार गोयाने रंगवलेल्या वेलिंग्टन या ब्रिटिश सेनापतीच्या चित्राची तैलरंगात नक्कल करतोय. मागच्या वेळी ती कोटाच्या लालावर अडली होती, ती सुटली. कोटाचा लाल ओला असताना दिसतो तसाच आता वाळल्यावरही दिसतोय.

मूळ चित्र महोगनीच्या फळीवर, 64.3 × 52.4 सेंमी. आपली फळी निम्म्या मापाची, 6 मिमी एमडीएफची. चेहरा पुरा झालाय. असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच, नऊ वर्षांनंतरचा: सालामांकाची लढाई जिंकून 1812 च्या ऑगस्टमध्ये माद्रिदला आलेला. तोंड किंचित उघडं, वरचे दात दिसतात. त्यांना पांढरा लावलाच नाही; त्वचेच्याच मिश्रणात चिमूटभर येलो ऑकर आणि करडा घातला, आणि काय सुरेख बसले!

कोट मात्र तीनदा मेला. थर वाळत आला की सावलीचा भाग विटकरी, चुन्यासारखा निस्तेज. आधी मिश्रणावर संशय होता. परीक्षा सोपी: वाळलेल्या डागावर टर्पेंटाइनचा थेंब टेकवायचा. रंग लगेच उजळला तर मिश्रण बरोबर आहे, तेल खाली शोषलं गेलंय. थेंब पडताच लाल लखलखला.

कारणं दोन. जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, चार हात दिले, पण वर शोषण रोखणारा सीलिंगचा हात नव्हता. त्यात पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, सावलीत बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी, आणि अंबर हमखास बसतो, म्हणजे तेल खाली जाऊन निस्तेज होतो. उपाय: थर हाताला पूर्ण कोरडा झाल्यावर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग, मऊ सुती कापडाने चोळायचं, दहा मिनिटांनी सगळं पुसून घ्यायचं. चमक उरली तर तेल जास्त झालं. पुढे ते पिवळं पडतं.

त्यावर ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचा थर, दिला तर त्याचे थेंब जमले. खालचा थर तेलकट होता. कापलेला कांदा हलक्या हाताने फिरवला, पाणी वाळू दिलं, मग ग्लेझ सरळ धरला. ग्लेझचं मिश्रण: स्टँड ऑइल (दाट केलेलं जवसाचं तेल) 1 भाग, टर्पेंटाइन 2 भाग, आणि क्विनाक्रिडोन हा लाल रंग. पातळ थरात अ‍ॅलिझरिन हा गडद लाल उजेडाने उडतो, तो नकोच. 'ह्यू' (मूळ रंगद्रव्याऐवजी पर्यायी) लिहिलेल्या स्वस्त ट्यूबाही नकोत. त्यातल्या भरीमुळे ग्लेझ दुधाळ होतो. त्या काळी असा भडक तांबडा म्हणजे हिंगूळ. आजचा कॅडमियम लाल तेव्हा नव्हता; तो धातूच 1817 ला सापडला.

पदकांसाठी कोऱ्या सोडलेल्या जागा आता भरून टाकतोय. कडांना तिथेच तेल साचत होतं, आणि गोयानेही 1814 मध्ये पदकं नंतर बदललीच होती. म्हणजे आधी अखंड लाल कोट, तो दोन आठवडे वाळवायचा, मग वर जाड रंगात तारे. सोन्याला सोनेरी रंग नाही: रॉ अंबर, येलो ऑकर आणि शेवटी नेपल्स यलोचा एकच टिपका, पॅलेट नाइफच्या टोकाने. गोल्डन फ्लीस या सन्मानपदकाचं लटकतं मेंढरू या मापात जेमतेम नखाएवढं. त्यासाठी शून्य नंबरचा ब्रश वेगळा काढून ठेवलाय.