आमच्या पॅनलचं गेज आर अँड आर

नाशिकच्या अंबडमधल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे छोटे पार्ट आम्ही मशिनिंग करून देतो. एकवीस वर्षं झाली. कुणी म्हणालं ‘पार्ट ओके आहे’, की माझा प्रश्न ठरलेला: कशानं मोजलास? ते गेज कॅलिब्रेट कधी झालं? कॅलिब्रेशनचा स्टिकर दाखव.

याच एकवीस वर्षांत आयटीआय आणि डिप्लोमाच्या शे-दोनशे पोरांच्या मुलाखती घेतल्या. नुसत्या डोळ्यांनी. तिथं स्टिकर कुणी मागितला नाही, मलाही सुचला नाही.

मागच्या वर्षी एचआरला नवीन मॅडम आल्या. वयानं माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. एक दिवस त्या नाकारलेल्या फॉर्मांची फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “सर, शेऱ्याच्या रकान्यातलं अक्षर तुमचंच ना?” माझंच होतं. ‘कॉन्फिडन्स कमी.’ ‘कम्युनिकेशन वीक.’ ‘आपल्याकडे रमेल असं वाटत नाही.’ एका मुलीच्या फॉर्मवर नुसतं ‘लग्न?’ असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त पत्त्यांवरून बोट फिरवत गेल्या. सुरगाणा. पेठ. हरसूल. सुरगाणा. सगळा आदिवासी पट्टा. मग निवडलेल्यांची फाइल उघडली. सिडको, इंदिरानगर, निफाड, ओझर, पुन्हा सिडको.

“अहो, पत्ता तर मी बघतसुद्धा नाही,” मी म्हणालो.

खरंच बघत नाही. मी विचारतो. पोरगं खुर्चीत बसलं की माझं पहिलं वाक्य, “कुठले तुम्ही?” पोराची भीड मोडावी म्हणून. निफाड म्हणाला की द्राक्षं निघतात, छाटणी कधी केली, अवकाळीनं किती नेलं, अमुक मळ्यातले तमुक तुमचे कोण. दहा मिनिटं मजेत जातात. पोरगं खुलतं, आणि मी लिहितो ‘कॉन्फिडंट’. सुरगाणा म्हणाला तर मी म्हणायचो, “लांब आहे हो, कसं जमणार रोज?” म्हणजे त्याची मुलाखत सुरू व्हायची तीच सफाई देण्यापासून. आपल्याकडे गाव विचारायचं, मग आडनाव, मग ‘म्हणजे कोणत्या बाजूचे?’ तीन प्रश्नांत सगळं कळतं आणि ‘जात’ हा शब्द कुणाच्याच तोंडून गेलेला नसतो. आपण आपले स्वच्छ.

भाषेचंही तसंच. सुरगाण्याकडची बरीच पोरं घरी कोकणा बोलतात. कोकणातली नव्हे, डांगाला लागून असलेल्या पट्ट्यातली. माझं पंचवटीतलं भरधाव मराठी ऐकून, समजून, त्यात उत्तर जुळवायला त्यांना दोन सेकंद जास्त लागतात. त्या दोन सेकंदांवर मी शेरे लिहीत आलो होतो. आणि हे सगळं कशासाठी, तर सीएनसी मशीनवर पार्ट लावून त्याचं बोअर म्हणजे आतलं भोक मोजायच्या कामासाठी!

पंचवटीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. काळाराम मंदिराच्या जवळच्याच गल्लीत माझं लहानपण गेलं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली ज्या मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, ते मंदिर माझ्या शाळेच्या वाटेवर होतं. घरी हा विषय कधी निघालाच तर ‘झालं गेलं, आता कुठे राहिलंय तसं’ एवढ्यावर मिटायचा. मीही तेच धरून चाललो. माझ्या मनात कुणाबद्दल काही वाईट नाही, म्हणजे माझ्या हातून कुणावर अन्याय होत नाही, असा सोपा हिशेब होता.

फाइल बघून मला आधी राग आला. मॅडमचा. दोन-तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. मग एका संध्याकाळी लाइनवर बोअर गेजचा एमएसए, म्हणजे मोजमाप-पद्धतीची तपासणी, चालू होता, तो बघताना माझी ट्यूब पेटली.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एखादं गेज आणि ते वापरणारी माणसं भरवशाची आहेत का, हे तपासायला आम्ही गेज आर अँड आर करतो: त्याच माणसानं पुन्हा मोजलं तर तेच माप येतं का, आणि दुसऱ्यानं मोजलं तरी तेच येतं का. साधारण दहा पार्ट, तीन इन्स्पेक्टर, प्रत्येकानं तेच पार्ट दोन-तीनदा मोजायचे. पार्टचा क्रम बदलायचा आणि कुठला पार्ट हातात आहे हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो आधीचं रीडिंग आठवून तेच सांगतो. मुद्दाम नाही, आपोआप. मोजमापातली तफावत एकूण तफावतीच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, ३० टक्क्यांच्या वर गेली तर ती वापरायची नाही. आमच्याकडे पंधरा वर्षं लाइनवर असलेला माणूसही यातून सुटत नाही आणि त्याला त्यात अपमान वाटत नाही.

मग आमच्या मुलाखतीच्या पॅनलचा आर अँड आर का नको? मी, प्रॉडक्शनचे साहेब आणि मॅडम असे तिघं इन्स्पेक्टर. दहा जुने फॉर्म. झेरॉक्स काढताना नाव, फोटो, पत्ता आणि आयटीआयचं नाव यांवर कोरी पट्टी लावली. तिघांनी वेगवेगळे बसून दहापैकी गुण द्यायचे, तीन आठवड्यांनी क्रम बदलून पुन्हा.

टक्केवारी काढली नाही. फॉर्म हा काही पार्ट नव्हे, माझाच ऑडिटर हसला असता. पण टक्केवारीची गरजही पडली नाही. एका फॉर्मला मी पहिल्यांदा आठ दिले होते आणि तीन आठवड्यांनी पाच. तोच मी, तोच फॉर्म. दोन वर्षांची गॅप असलेल्या एका मुलीला साहेबांनी तीन दिले, मॅडमनी आठ. आणि पट्ट्या काढल्यावर ज्या पोराला दोन्ही वेळा माझे सगळ्यात जास्त गुण पडलेले निघाले, त्याच्या मूळ फॉर्मवर माझ्याच अक्षरात ‘कॉन्फिडन्स कमी’ होतं. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो.

मॅडमनी नंतर अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांचा २००७ सालचा अभ्यास वाचायला दिला. खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी तोडीस तोड पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं गुणोत्तर (ऑड्स रेशो) ०.६७ निघालं, मुस्लिम नावाला ०.३३. त्या कंपन्यांत अर्ज चाळणारी माणसं माझ्यासारखीच सज्जन असणार, डबा खाऊन पुन्हा कामाला बसणारी. तेव्हा मॅडमवरचा उरलासुरला राग गेला.

त्याच्या दोन वर्षं आधी आमच्याकडे याच विषयावर दोन तासांचं ट्रेनिंग झालं होतं, स्लाइडशोसकट. समोसे चांगले होते.

आता आम्ही उलट्या टोकानं सुरू करतो. पोरगं आलं की टोकन नंबर, आणि थेट मेट्रॉलॉजी रूम, म्हणजे आमची मोजमापाची खोली. पाच पार्ट, मायक्रोमीटर आणि बोअर गेज. रीडिंग लिहायचं, ड्रॉइंगशी ताडून ओके की रिजेक्ट ते सांगायचं. मग मुलाखत, सगळ्यांना तेच सहा प्रश्न. गुण आपापल्या कागदावर लिहून झाल्याशिवाय तिघांनी आपसात बोलायचं नाही. ‘कुठले तुम्ही’ बंद. साहेब कुरकुरले, “मग माणूस ओळखायचा कसा?” मी म्हणालो, आजवर कुठे ओळखत होतो?

निवड झाली म्हणजे सगळं झालं असं नाही, हे मला उशिरा कळलं. कंपनीची बस सिडको, पंचवटी, नाशिकरोड फिरते. पेठ रोडला नाही. ती पोरं चुंचाळ्यात पाच-पाच जणांत एक खोली घेऊन राहतात. लाइनवर त्यांची नावं ‘ए पेठ’, ‘ए सुरगाणा’. निफाडच्या पोराला कुणी ‘ए निफाड’ म्हणत नाही. मीही हाक मारली आहे तशी, लाडानं. बसचा प्रस्ताव तीन महिने अकाउंट्समध्ये पडून आहे.

आणि त्यातला एखादा पोरगा लगेच हिरो ठरला, कंपनीचे लाखो वाचवले, असंही काही झालेलं नाही. एक जण जुलैत भाताच्या आवणीला गेला तो परत आलाच नाही. साहेब म्हणाले, “बघा, म्हणत नव्हतो?” त्याच महिन्यात सिडकोचे दोघे दुसऱ्या कंपनीत दोन हजार जास्त मिळतात म्हणून सोडून गेले. त्यावर कुणी ‘बघा’ म्हटलं नाही. मी ते साहेबांना बोलून दाखवलं. ते चहाचा कप घेऊन खिडकीशी गेले आणि म्हणाले, “ते वेगळं हो.” काय वेगळं, ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्या ‘कॉन्फिडन्स कमी’वाल्या पोराला मी फोन लावला होता. नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे.

गेल्या मंगळवारी एक मुलगी आली होती, टोकन नंबर चार. पाचही पार्ट बरोबर ओळखले. एका रिंगवर टेपर आहे, म्हणजे ती एका बाजूला निमुळती आहे, हे न विचारता सांगितलं. सहा प्रश्न झाले. शेवटी आम्ही विचारतो, तुला काही विचारायचंय का? बहुतेक पोरं पगार विचारतात, नाहीतर मान हलवतात. ती ओढणी सारखी करून माझ्याकडे बघत म्हणाली, “सर, तुम्ही कुठले?”

मॅडमनी मान खाली घातली, खांदे हलत होते. मी सांगितलं, पंचवटीचा. “मग लांब पडत असेल रोज,” ती म्हणाली.